उशी, टांचण्या आणि कांड्या

‘लेस’ हा शब्द मराठींत आतां इतका रुळला आहे कीं, त्याला प्रतिशब्द शोधण्याच्या भरीस कोणी पडत नाहीं. परकराची झालर, झबल्याची कड, मेजावरील रुमाल, अशा रूपांनीं ती आपल्या घरांतून कित्येक पिढ्या वावरत आली आहे. आणि क्रोशाच्या सुईनें ती विणणारी एखादी तरी बाई बहुतेकांच्या आजोळीं होऊन गेली असेल. परंतु युरोपांत लेसची एक जुनी व मानाची जात अशी आहे कीं, ती सुईवांचून, नुसत्या दोऱ्यांच्या देवघेवीनें, उशीवर तयार होते, ही गोष्ट आपल्याकडे फारशी कोणास ठाऊक नसते. ती शिकण्यासाठीं प्रौढ माणसें शेंकडों मैलांचा प्रवास करून वर्गांत जाऊन बसतात, हें सांगितलें म्हणजे तर ऐकणारा प्रथम हंसतो. संसारानिमित्त आमचें वास्तव्य अमेरिकेंत झाल्यापासून हा नाद आम्हांस जडला, आणि त्या हंसण्याची आतां आम्हांस संवय झाली आहे. यंदां अशाच एका वर्गास जाण्याची तयारी करतांना मात्र आमचें स्वतःचेंच मन आम्हांस कांहीं प्रश्न विचारूं लागलें. त्या तयारीची व त्या प्रश्नांची हकीकत येथें सांगावयाची आहे.

प्रथम या लेसची रीत थोडक्यांत सांगितली पाहिजे. गच्च भरलेली एक उशी घेतात. तिच्यावर जाड कागदाचा खाका लावतात. नक्षींत जेथें जेथें दोरा अडवून धरावयाचा तेथें तेथें त्या खाक्यास सुईनें भोंक पाडलेलें असतें. दोरा लहानशा लांकडी दांडीवर गुंडाळलेला असतो. इंग्रज तिला बॉबिन म्हणतात. आपल्याकडील साळी ज्या कांडीवर बाण्याचें सूत भरतात तिची ही धाकटी बहीण होय, म्हणून आम्ही तिला कांडीच म्हणूं. कांड्या नेहमीं जोडीनें चालतात. दोन जोड्या, म्हणजे चार दोरे, एका वेळीं हातांत येतात, आणि त्यांच्या अवघ्या दोन हालचाली होतात. मधल्या दोन दोऱ्यांपैकीं डावा उजव्यावरून नेणें, ही पहिली. तिला फुली म्हणूं. प्रत्येक जोडींतील उजवा दोरा डाव्यावरून नेणें, ही दुसरी, तो पीळ. फुली, पीळ, फुली असें केलें कीं कापडासारखी घट्ट वीण पडते. फुली व पीळ एवढ्यावरच थांबलें तर तिरपी, विरळ जाळी होते. टांका पडला कीं भोंकांत टांचणी रोवून तो जागच्या जागीं धरावयाचा, आणि काम पुढें सरकलें म्हणजे मागच्या टांचण्या काढून पुढें लावावयाच्या. राजेरजवाड्यांच्या गळपट्ट्यांपासून खेडवळ बायकांच्या टोप्यांपर्यंत या लेसचे जे जे प्रकार झाले, ते सर्व या दोन अक्षरांच्या बाराखडींत लिहिलेले आहेत.

ही बाराखडी जुनी आहे. व्हेनिस येथें १५५७ सालीं ‘ले पोंपे’ या नांवाचें लेसच्या नमुन्यांचें पुस्तक छापलें गेलें. त्यानंतर चार वर्षांनीं, १५६१ मध्यें, झुरिच येथें असेंच एक पुस्तक निघालें. त्याच्या कर्त्रीनें आपलें नांव सांगितलें नाहीं, ‘आर. एम.’ एवढीं अक्षरें मात्र दिलीं. आणि ही कला १५३६ सालीं व्यापाऱ्यांनीं व्हेनिसहून आपल्या गांवीं आणली असें प्रस्तावनेंत लिहून ठेवलें. पुढें फ्लँडर्सच्या शहरांतून ती भरभराटीस चढली. फेर्मीर या डच चित्रकारानें १६७० च्या सुमारास काढलेलें लेस करणाऱ्या मुलीचें चित्र पॅरिसच्या लूव्र संग्रहालयांत आहे. तें एका वहीच्या पानाएवढें, जेमतेम चोवीस सेंटिमीटर उंचीचें आहे. परंतु उशीवर वांकलेली ती मुलगी, तिच्या दोन्ही हातांतील कांड्या व ताणलेले दोन दोरे हीं ज्यानें पाहिलीं, त्यास या कामांत मन किती एकवटावें लागतें हें निराळें सांगावें लागत नाहीं.

अमेरिकेंत लेस करणाऱ्यांची जी संस्था आहे, तिचें संमेलन दर उन्हाळ्यांत निरनिराळ्या शहरीं भरतें. आपल्याकडील साहित्यसंमेलनाप्रमाणें तेथेंही प्रदर्शन, व्याख्यानें, विक्रीचीं दुकानें व सहभोजन हें सर्व असतें; परंतु संमेलनाचा प्राण म्हणजे तेथील वर्ग. चार-पांच दिवस एकाच शिक्षिकेपुढें बसून एकच प्रकार शिकावयाचा. यंदां आम्ही जो प्रकार निवडला तो बेल्जममधील बँश या गांवाच्या नांवानें ओळखला जातो. त्यांत नक्षीभोंवतीं जाड दोऱ्याची रेघ नसते. कापडी वीण आणि जाळी यांचा नुसता दाटविरळपणा हाच त्याचा रंग. जाळी पुष्कळदां बर्फाच्या कणांसारख्या ठिपक्यांची. दोरा इतका बारीक कीं, शिंक आली तर तोंड फिरवून शिंकावें. नांव नोंदल्यावर महिन्याभरानें शिक्षिकेकडून सामानाची यादी आली, आणि त्या दिवसापासून आमच्या घरांतील जेवणाचें मेज जेवणाच्या उपयोगाचें राहिलें नाहीं.

यादींत प्रथम कांड्या: बहात्तर जोड्या, म्हणजे एकशें चव्वेचाळीस, आणि त्या दोरा भरून आणाव्या अशी ताकीद. दर कांडीस सुमारें एक मीटर दोरा. जोडीच्या दोन्ही कांड्यांवर एकच अखंड दोरा असावा लागतो, मध्यें गांठ चालत नाहीं. म्हणून दोन मीटरचा तुकडा कापून, त्याचें अर्धें एका कांडीवर व उरलेलें दुसरीवर गुंडाळावयाचें, आणि मानेपाशीं एक वेढा अडकवून तो सुटणार नाहीं असा करावयाचा. जोडीस तीन मिनिटें धरलीं तरी दोनशें सोळा मिनिटें, म्हणजे साडेतीन तासांहून अधिक काळ, नुसत्या भरण्यांत जातो. इंग्लंडांतील कांड्यांच्या टोंकास वजनासाठीं कांचेच्या मण्यांचें कडें असतें. बेल्जममधील कांड्यांस तें नसतें, त्यांचें पोटच जड असतें. मणी सुंदर दिसतात खरे, परंतु दीडशें मणिमाळा एका बारीक कामावर गोळा झाल्या म्हणजे एकमेकींत अडकतात. म्हणून आम्हीं साध्या कांड्या घेतल्या. दागिन्यांचा मोह सोडण्याची ही आमची पहिली वेळ नव्हे. पण यावेळीं त्याचें कारण निदान शास्त्रीय होतें.

दुसरें काम खाक्याचें. शिक्षिकेनें नक्षीची छापील प्रत धाडली होती. ती जाड कागदावर ठेवून वरून निळसर, चकाकी नसलेला चिकट पापुद्रा लावावयाचा. निळ्या पृष्ठावर पांढरा दोरा स्पष्ट दिसतो, डोळा शिणत नाहीं, आणि छापाची शाई दोऱ्यास लागत नाहीं. मग मुठींत धरावयाच्या सुईनें प्रत्येक ठिपका टोंचावयाचा. सुई अगदीं उभी धरली पाहिजे. ती तिरपी झाली कीं टांचणी तिरपी, टांचणी तिरपी कीं टांका तिरपा. आमच्या खाक्यांत आठशेंहून अधिक ठिपके होते. हें काम आम्हीं चार संध्याकाळीं मिळून केलें, आणि तें संपेपर्यंत सबंध नक्षी आमच्या बोटांस पाठ झाली होती. कोठें पान वळतें, कोठें जाळी सुरू होते, कोठें दोन पानांमध्यें केसाएवढी फट आहे, हें डोळ्यांआधीं हातास कळलें. टोंचलेले खाके तयार विकत मिळतात. तरी शिक्षिका ते स्वतः टोंचून आणावयास कां सांगतात, हें कोडें तेव्हां सुटलें.

खाक्याबरोबर एक रंगीत आकृतिही येते. तींत प्रत्येक जोडीचा मार्ग एका रेघेनें दाखविलेला असतो आणि रेघेचा रंग टांक्याची जात सांगतो: जांभळा असेल तर कापडी टांका, हिरवा असेल तर अर्धा टांका, तांबडा असेल तर पुरा टांका. ही रंगांची लिपि बेल्जमकडे रूढ होऊन आतां पुष्कळ देशांत चालू झाली आहे. फ्लेमिश बोलणाऱ्या बाईनें काढलेली आकृति जपानी बाई वाचते, आणि आमच्यासारखी कोथरूडची मुलगीही वाचते. मध्यें भाषांतर लागत नाहीं. असें असतां वर्गास जावयाचें तरी कशाला, आकृति घेऊन घरीं कां बसूं नये, असा प्रश्न कोणी करील. आकृति दोऱ्याचा मार्ग दाखविते, पण त्याचा ताण दाखवीत नाहीं. टांचणी लावल्यावर दोरा किती ओढावा, कडेची जोडी किती सैल सोडावी, हें कागदावर उतरत नाहीं. तें शिक्षिकेच्या हातावर आपला हात ठेवून शिकावें लागतें. तबल्याचे बोल पुस्तकांत छापलेले असतात, तरी गुरूपुढें बसावें लागतेंच कीं नाहीं?

आतां यादींतील किरकोळ जिनसा. गंज न धरणाऱ्या बारीक टांचण्या, चारशें, टांचणी दाबण्याची मूठ, लहान कातर, अर्ध्या मिलिमीटरहूनही बारीक आंकड्याची क्रोशाची सुई, भिंग, दिवा, दिव्यासाठीं लांब तार, कारण वर्गांत भिंतीवरील वीज आपल्या खुर्चीपर्यंत येईल असें धरून चालूं नये. आणि शेवटीं गडद रंगाचीं, गुळगुळीत, बिननक्षीचीं दोन कापडें. एक उशीवर, कांड्यांच्या खालीं, अंथरावयाचें. दुसरें काम थांबविल्यावर वरून झांकावयाचें. या शेवटच्या जिनसेपाशीं आमची तयारी अडली. बाजारांत जें काळें कापड मिळालें त्याला एक तर तूस होतें, नाहीं तर चकाकी.

पुण्यास आमच्या मावशी आहेत. वय पंच्याऐंशीच्या घरांत; नजर अधू झाली तरी बोलणें अद्याप धारदार. मागें भेटीस गेलों असतां त्यांनीं आपल्या आईच्या एका विरलेल्या चंद्रकळेचे दोन चौकोनी तुकडे काढून दिले होते. आम्ही ते आठवण म्हणून पेटींत ठेवले होते. ते काढून कांड्यांखालीं अंथरून पाहिले आणि यादी करणारीनें चंद्रकळा डोळ्यांपुढें ठेवूनच ती लिहिली असावी असें वाटलें. शेंकडों धुण्यांनीं सूत गुळगुळीत झालेलें, काळा रंग निवलेला, पांढरा दोरा त्यावर असा उठून दिसे कीं भिंग बाजूस ठेवावें. आनंदाच्या भरांत आम्हीं मावशींस फोन लावला व सर्व वृत्तांत सांगितला. वर्गाची फी, विमानाचें भाडें, हॉटेलचा खर्च हेंही त्यांनीं विचारून घेतलें. मग क्षणभर थांबून त्या म्हणाल्या, “काय गं, एवढ्या पैशांत दुकानांत किती वार लेस येईल?”

असा प्रश्न पूर्वींही पुष्कळांनीं केला आहे, आणि त्यावर ठरलेलें हंसरें उत्तर आमच्याजवळ आहे. परंतु मावशींच्या प्रश्नांत थट्टा नव्हती. त्या हिशेब करीत होत्या. “माझ्या वेळीं वाराला दर असे,” त्या पुढें म्हणाल्या, “म्हणून विचारलें.”

मग जी हकीकत निघाली ती साठ वर्षांत आमच्या कानीं आली नव्हती. १९५५ च्या सुमारास, मावशी पंधरा वर्षांच्या असतां, आमचे आजोबा वारले. त्यानंतर तीन-चार वर्षें मावशींनीं एका दुकानदारासाठीं क्रोशाच्या कडा विणल्या. शाळेंतून आल्यावर, स्वयंपाकास हातभार लावून झाल्यावर, रात्रीं कंदिलाशीं. धाकट्या दोघा भावांची फी त्यांतून निघाली. दुकानदार पट्टी वारानें मोजून घेई, आणि कोठें डाग दिसला तर तो तुकडा परत करून त्याचे पैसे कापी. आमच्या लहानपणीं मावशींच्या घरीं रेडिओवर एक क्रोशाचा रुमाल असे. तो किती सुरेख आहे असें आम्ही म्हणत असूं. त्याच्या एका कोपऱ्यावर हळदीचा पुसट डाग होता, म्हणून तो दुकानदारानें परत केला होता. लग्न झालें त्या दिवसापासून मावशींनीं सुई पुन्हां हातीं धरली नाहीं. आम्ही त्या रुमालाचें कौतुक करीत असतां त्या गप्प कां राहत, याचा उलगडा इतक्या वर्षांनीं झाला.

त्या रात्रीं मेजावर पसरलेलें सामान आम्हांस निराळें दिसूं लागलें. लेसचा इतिहास आम्हीं वाचला नव्हता असें नाहीं. इंग्लंडच्या बेडफर्ड, बकिंगहॅम व नॉर्दम्प्टन या परगण्यांत एकोणिसाव्या शतकांत लेसच्या ‘शाळा’ होत्या. पांच-सहा वर्षांचीं मुलें तेथें दिवसभर उशीपुढें बसत. संध्याकाळीं एका मेणबत्तीभोंवतीं पाण्याचे कांचगोल मांडीत आणि त्यांतून एकवटलेल्या प्रकाशाच्या तेवढ्या टिकलीवर प्रत्येक मूल आपलें काम करी. टांचण्यांची गणती सुटूं नये व वेग मंदावूं नये म्हणून मुलें एका सुरांत गाणीं म्हणत. अमेरिकेंत मॅसॅच्युसेट्समधील इप्सविच या गांवीं १७८९-९० च्या एका वर्षांत सहाशेंहून अधिक बायका-मुलींनीं मिळून सुमारें बेचाळीस हजार वार लेस केली. पुढें १८०९ मध्यें जॉन हीथकोट यानें जाळी विणणाऱ्या यंत्राचें पेटंट घेतलें. १८१६ मध्यें संतापलेल्या लोकांनीं त्याच्या लफबरो येथील कारखान्यांतील यंत्रें फोडलीं, तेव्हां तो आपला कारखाना डेव्हन परगण्यांत घेऊन गेला. यंत्रें थांबलीं नाहींत. हातानें काम करणाऱ्या बायकांचा दर मात्र उतरत गेला.

आपल्या देशांतही ही कला गरजेचा हात धरूनच आली. १८१९ मध्यें लंडन मिशनचे मॉल्ट दांपत्य नागरकोइल येथें आलें. मार्था मॉल्ट यांनीं आपल्या मुलींच्या शाळेंत उशीवरील लेस शिकविली. तिच्या मिळकतींतून गुलामींतील कांहीं मुलींनीं आपली सुटका विकत घेतली, ही त्या इतिहासांतील उजळ बाजू. दुसरी बाजू गोदावरीच्या मुखाजवळ नरसापूर भागांत दिसते. तेथें मिशनऱ्यांनींच आणलेली क्रोशाची लेस पुढें व्यापाऱ्यांच्या हातीं गेली. मारिया मीस या जर्मन विदुषीनें तेथील बायकांवर लिहिलेलें पुस्तक १९८२ मध्यें प्रसिद्ध झालें. घरकाम सांभाळून दिवसाचे सहा ते आठ तास लेस करणाऱ्या त्या बायकांस कोणी कामगार म्हणत नसे. त्या ‘गृहिणी’, आणि त्यांचें काम म्हणजे ‘फावल्या वेळेचा उद्योग’. एकीनें फुलें करावीं, दुसरीनें तीं जोडावीं, अशी वांटणी असल्यामुळें सबंध वस्तूचा हिशेब एकीच्याही हातीं राहत नसे. हें पुस्तक आमच्या कपाटांत आहे. परंतु पुस्तकांतील बायका एक आणि फोनवरील मावशी एक. आपल्या आईच्या बहिणीनें ज्या कामापायीं कंदिलाशीं डोळे शिणविले, तेंच काम पदरचे पैसे मोजून करावयास आपण विमानानें निघालों, यांत कांहीं वावगें तर नाहीं ना, असें वाटूं लागलें. दोन दिवस आम्हीं मेजाकडे पाहिलें नाहीं.

तिसऱ्या दिवशीं आम्हीं हाच प्रश्न सरळ मावशींस केला. त्या हंसल्या नाहींत, रागावल्याही नाहींत. “वावगें कसलें आलें आहे?” त्या म्हणाल्या. “नक्षी मला आवडत असे, दर आवडत नसे. कोणी मला फी देऊन शिकायला पाठवलें असतें तर मी काय नको म्हटलें असतें? नवा नमुना काढून पाहावा असें फार वाटे. पण दुकानदार म्हणे, जो खपतो तोच विण. तुला नमुना निवडतां येतो आहे, तर नीट निवड. आणि एक लक्षांत ठेव. कड सरळ आली पाहिजे. मधली नक्षी कोणालाही साधते.”

या बोलण्यावर आम्हीं पुष्कळ विचार केला. सक्तीचें काम व आवडीचें काम यांत हात तेच असतात, टांके तेच असतात. निवड मात्र कोणाची, यावर सारें अवलंबून असतें. आणखी एक गोष्ट ध्यानांत आली. पोटासाठीं लेस करणाऱ्या बायकांस व्यापाऱ्यांनीं पुष्कळदां एकेक तुकडाच शिकविला, म्हणून धंदा बसतांच कित्येक प्रकार त्यांच्याबरोबर नाहींसे झाले. आज जे प्रकार जिवंत आहेत त्यांतील कित्येक संग्रहालयांतल्या चिंध्या भिंगाखालीं तपासून, दोरा दोरा मोजून, हौशी माणसांनीं पुन्हां उभे केले आहेत. कांहीं ठिकाणीं समाजानेंही ही काळजी वाहिली आहे. स्लोव्हेनियांतील इद्रिया गांवीं १८७६ सालीं निघालेली लेसची शाळा अद्याप चालू आहे. फ्रान्समधील आलांसाँ येथील लेस उशीवरची नव्हे, सुईची. तिच्या एका चौरस सेंटिमीटरला सात तास लागतात, तिचें पूर्ण शिक्षण सात ते दहा वर्षांचें, आणि २०१० मध्यें युनेस्कोनें मानवजातीच्या वारशांत तिची गणना केली. परंतु यादींत नांव लागल्यानें कला टिकत नाहीं. ती एका हातांतून दुसऱ्या हातांत गेली तरच टिकते, आणि त्यासाठीं दोन्ही हात एका खोलींत आले पाहिजेत. आमच्या शिक्षिका सत्तरी ओलांडलेल्या आहेत. सामान बांधावयास एवढें कारण आम्हांस पुरेसें वाटलें.

बांधाबांध हेंही एक शास्त्रच आहे. आमची घरची उशी गोल, दोन फूट व्यासाची. ती विमानांत मांडीवरच घेऊन बसावें लागलें असतें. अमेरिकेंतील विमानकंपन्या हातच्या पेटीस साधारण बावीस, चौदा व नऊ इंचांचें माप लावतात. म्हणून सुट्या चौकोनी ठोकळ्यांची, कृत्रिम फेसाची उशी घेतली. ती निरनिराळी करून पेटींत सपाट बसते, आणि काम वाढलें कीं ठोकळे पुढेंमागें सरकवितां येतात. कांड्या आठ-आठ जोड्यांच्या जुड्या करून, मधला दोरा ताणला जाणार नाहीं अशा बेतानें, चंद्रकळेच्या एका तुकड्यांत गुंडाळल्या. पात्याच्या जोडापासून चार इंचांहून आंखूड कातर हातच्या पेटींत चालते; दिव्याच्या जादा बॅटऱ्या हातच्याच पेटींत ठेवाव्या लागतात. कपडे दुसऱ्या पेटींत टाकले. ती पेटी हरवली असती तर कपडे कोठेंही मिळाले असते. भरलेल्या एकशें चव्वेचाळीस कांड्या कोठें मिळणार?

विमानतळावर आमची पेटी तपासनिसानें बाजूस काढली. चारशें टांचण्यांची डबी त्याच्या यंत्रांत काळ्या ढेकळासारखी दिसली असावी. त्यानें चंद्रकळा उलगडली, कांड्या पाहिल्या व हें काय आहे असें विचारलें. आम्हीं दोन जोड्या हातीं घेऊन फुली व पीळ करून दाखविला. तो माणूस मोकळ्या स्वभावाचा होता.

“इंचभर व्हायला किती वेळ लागतो?” त्यानें विचारलें.

“बारीक काम असेल तर दोन दिवसही लागतात.”

“आणि याचे पैसे तुम्हांला कोण देतें?”

“आम्हीच देतों,” आम्हीं उत्तर केलें. त्यानें एकवार आमच्याकडे पाहिलें आणि अतिशय हलक्या हातानें कांड्या पुन्हां गुंडाळून दिल्या.

वर्गांत आम्ही चौदाजणी व एक निवृत्त इंजिनियर होते. प्रत्येकानें आपापली उशी मांडली, दिवे लावले, टांचण्या रोवून जोड्या टांगल्या. मग पंधरा उशांवर कांड्या एकदम वाजूं लागल्या. दूरवर पाऊस पत्र्यावर पडूं लागावा तसा तो आवाज. शिक्षिका एकेकीच्या मागें उभ्या राहत. पहिल्या दिवशीं आम्हांपाशीं येऊन त्यांनीं नक्षीकडे पाहिलेंच नाहीं. कडेची जोडी बोटानें उचलून, ओढून, पुन्हां ठेविली, आणि आमचा हात धरून तोच ताण आमच्याकडून तीनदां देवविला. सात समुद्रांच्या अंतरावर बसलेल्या दोन वृद्ध स्त्रियांचें एकाच गोष्टीविषयीं इतकें एकमत पाहून आम्हांस मोठी मौज वाटली. मग त्यांनीं खालच्या काळ्या कापडावरून हात फिरवून तें कोठें मिळतें असें विचारलें. तें विकत मिळत नाहीं, असें आम्हीं सांगितलें.

या नादांत पडूं इच्छिणाऱ्यांस आमचें सांगणें एवढेंच कीं, यादींतील एकही जिन्नस क्षुल्लक समजूं नये, कांड्या स्वतः भराव्या, खाका स्वतः टोंचावा, आणि घरांतील वडील बायकांस त्यांनीं कधीं काय विणलें होतें व कोणासाठीं, हें निघण्यापूर्वीं विचारून घ्यावें. तेंही सामानच आहे, आणि त्याला वजन असलें तरी तें बरोबर न्यावें. चार दिवसांच्या श्रमानें आमची पट्टी पावणेदोन इंच झाली. मधल्या एका पानाचें टोंक थोडें बोथट आहे. कड सरळ आहे. तिचा फोटो मावशींस धाडला आहे.